शेवटच्या गाण्याची चाल

नरहरची बायको यशोदा गेली त्याला महिना होत आला होता. श्रावण लागला होता. त्या दिवशी संध्याकाळी किसनराव मास्तर आणि माणिक नरहरच्या दारात आले आणि बाहेरच्या बाजेवर बसले. कशाला आले हे नरहरला कळलं. त्यानं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. चहा करावा असं त्याच्या मनात आलं होतं, पण साखरेचा डबा कुठे असतो हे त्याला अजून नीट ठाऊक नव्हतं.

किसनराव पुलगावच्या शाळेत मास्तर होते. गणपतीत गिरणीतली माणसं दरवर्षी नाटक करत. ते नाटक किसनराव लिहीत आणि तेच बसवत. माणिक गिरणीत साच्यावर कापड विणायचा आणि नाटकात बाईचं काम करायचा. नरहर गिरणीत हजेरीचा कारकून. नाटकातल्या गाण्यांना चाली लावायचं काम त्याचं.

"नरहरभाऊ, आता पेटी काढा," किसनराव म्हणाले. "मोकळं वाटेल जरा."

"काढतो न."

"मी तं मिशी बी काढून टाकली," माणिक म्हणाला. "बायको म्हनते, आता मायेराले मी जाऊ का तुमी जाता?" तो हसला. मग कुठे बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो तांब्याकडे पाहत राहिला.

नरहरनं फडताळावरची पेटी उतरवली. तिच्यावर धूळ बसली होती. तेरावं होईपर्यंत घरात वाजवायची नाही म्हणून थोरल्यांनी ती धोतराच्या फडक्यात बांधून वर ठेवली होती, ती तिथंच राहिली होती. त्यानं यंदाच्या नाटकातली पाच गाणी वाजवली. ती नटांना आधीच शिकवलेली होती. माणिकनं त्यातली दोन म्हटली. सगळं जागच्या जागी होतं.

"अन् शेवटचं?" किसनरावांनी विचारलं.

नरहरची बोटं पेटीवर होती. ती तशीच राहिली.

"ते देतो. चार-आठ दिवसांत देतो."

"द्या, द्या. घाई नाही. नारळ फुटल्याशिवाय तसंही ते म्हणायचं नाहीच."

ही किसनरावांची शिस्त होती. तरुणपणी ते एका फिरत्या नाटक कंपनीत पडद्यामागे उभे राहून नटांना वाक्यं सांगत. तिथलीच ही रीत त्यांनी आणली होती. शेवटच्या अंकातलं रडगाणं तालमीत म्हणायचं नाही. पडदे टांगून, नारळ फोडून झाला की मग ते नटाला शिकवायचं. आधी म्हटलं तर कुणाच्या तरी घरात खरं रडं येतं, असं कंपनीतली माणसं मानत. त्यामुळे ते सहावं गाणं अजून माणिकच्या कानावरही पडलं नव्हतं. ते होतं एकट्या यशोदाजवळ.

नरहरला सूर कागदावर मांडता येत नव्हते. पेटी तो भजनी मंडळात मागे बसून शिकला होता. गाण्याचे शब्द समोर ठेवायचे, बोटं फिरवत राहायचं, आणि चाल सापडली की ती तीन-चारदा वाजवायची, एवढंच त्याला यायचं. तोवर चुलीपाशी बसलेल्या यशोदानं ती उचललेली असायची. मग तो विसरायला मोकळा. दुसऱ्या दिवशी तालमीला निघताना तो विचारायचा, "कालचं काय होतं व?" ती कणीक मळता मळता म्हणून दाखवायची आणि तो तिच्या मागोमाग पेटीवर वाजवायचा. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. चाल त्याला सापडायची, राहायची तिच्याजवळ. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा कानात गेलेली चाल तिनं कधी हरवली नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांनी मिळून केलेलं असं जे काही होतं ते या चालीच. त्यातल्या बाकीच्या आता लोकांच्या झाल्या होत्या, गिरणीत कुणीही म्हणायचं. ही एकच अशी होती की ती त्या दोघांखेरीज कुणाची झाली नव्हती. नाटकाचं काय, नरहर पाहिजे तर दुसरी चाल लावू शकला असता. त्याला ही पाहिजे होती.

नाटकातली नायिका शेवटच्या अंकात नवऱ्याचं घर कायमचं सोडून जाते. तेव्हाचं ते गाणं. किसनरावांनी शब्द साधेच लिहिले होते: 'दार लोटून जाते मी, कडी नका लावू आत.' जेठ महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी नरहर त्यावर बसला होता. 'जाते मी' वर सूर चढत गेला, तिथपर्यंत छान झालं. पुढे 'आत' वर तो कसा उतरवावा हे जमत नव्हतं. आतून यशोदा त्याच्या मागोमाग म्हणत होती. तेवढ्यात दूध उतू गेलं. ती 'आ' म्हणता म्हणता उठली आणि वरच्या वरच थांबली.

"थांब," नरहर ओरडला. "तिथंच राहू दे."

"अवो, दूध गेलं पुरं."

"जाऊ दे. तू जिथं सोडलं न, तिथंच राहू दे त्याले. खाली आनू नोको."

"अर्धंच वाटते न मंग."

"वाटू दे. ते बाई घरात वापस येते का? नाई येत न? मंग सूर काऊन वापस आनाचा?"

यशोदा हातात फडकं घेऊन दारात आली आणि तिनं ती ओळ पुन्हा म्हटली. 'आत' वर सूर वरच राहिला. ऐकून नरहरच्या अंगावर काटा आला. इतकं चांगलं आपल्या हातून कधी झालं नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळलं. त्यानं ते पेटीवर दोनदा वाजवलं आणि नेहमीप्रमाणे तिच्यावर सोडून दिलं.

तो सगळा दिवस त्याला आता आठवत होता. जळलेल्या दुधाचा वास आठवत होता, तिच्या हातातलं फडकं आठवत होतं. तो सूर तेवढा आठवत नव्हता.

किसनराव गेल्यावर तो पेटी घेऊन बसला. 'जाते मी' पर्यंत यायचा आणि पुढे एकेक पट्टी दाबून पाहायचा. प्रत्येक पट्टी पहिल्यांदा खरी वाटायची. दुसऱ्यांदा वाजवली की ती नुसती पट्टी व्हायची. आठवडाभर त्यानं हेच केलं. गिरणीतून यायचं, कंदील लावायच्या आधी पेटीला बसायचं. भूक लागली की चुरमुरे खायचे.

शेजारी शकुबाई राहत. दोन्ही घरांत मिळून एकच भिंत होती. एका रविवारी त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नरहर बाहेर आला.

"शकुबाई, ते शेवटचं गानं म्हने, ते आठवते का तुमाले?"

"आठवते न. रोज कानावर पडे." शकुबाईंनी सुपातला खडा काढून टाकला. "मी तं तिले म्हनलंतं भाऊ, बाई, हे असं घर सोडून जायाचं गानं चुलीपाशी बसून म्हनू नोको. तुमची नाटकातली सबन मानसं म्हनत नाईत, तूच काऊन म्हनतं? तं हासली."

 गाण्यानंच यशोदाला नेलं, ही गोष्ट नरहरनं सुतकात दोघातिघांच्या तोंडून ऐकली होती. ती खरी असेल तर त्यानंच तिला ते गाणं दिलं होतं. तो विचार आला की तो काही वेळ उभा राहायचा आणि मग हातातलं काम करायला लागायचा.

"म्हना बरं एकदा," तो म्हणाला.

"मले का गाता येते?"

"म्हना न. जसं येईन तसं."

शकुबाईंनी पदर सारखा केला आणि म्हटलं. त्यांच्या गळ्यात ती ओळ जात्यावरच्या ओवीसारखी झाली. 'आत' वर त्या घागर खाली ठेवावी तशा धपकन उतरल्या.

"असं नाई. शेवटी वर राहे ते."

"वर कसं राहीन बापा? गानं का खुटीले टांगून ठेवाचं असते?"

नरहरला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदाच आलं असेल. पण घरात येऊन पेटीवर बसला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की शकुबाईंचं ते धपकन उतरणं कानात बसलं आहे. ते काढायला त्याला दोन दिवस लागले, आणि ते गेलं तेव्हा त्याच्या आसपासचंही काही गेलं होतं. 'जाते मी' चं चढणं आता तितकं पक्कं राहिलं नव्हतं.

तिथंच त्यानं थांबायला पाहिजे होतं. पण ज्यानं चाल हरवली आहे त्याला दुसऱ्याला विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यानं नळावर येणाऱ्या बायांना विचारलं. यशोदा तिथं भांडी घासताना गुणगुणायची, हे त्याला माहीत होतं. एकीनं ते आरतीसारखं म्हटलं. एकीनं तंबूतल्या सिनेमातल्या गाण्याची चाल त्यात घातली आणि 'असंच होतं' म्हणून पैज लावायला निघाली. बाया त्याला नाही म्हणत नव्हत्या. बायको गेलेला माणूस, गाणं विचारतो आहे, तर तोंडाला येईल ते म्हणून त्याचं समाधान करत होत्या. आधी त्याच्याजवळ त्या शेवटच्या सुराची रिकामी जागा तरी होती. ती रिकामी आहे हे तरी कळत होतं. आता तिथं दहा जणींचे सूर येऊन बसले होते.

मग त्याला सुधाची आठवण झाली.

सुधा यशोदाची धाकटी बहीण. रोहण्याला दिली होती. जेठाच्या शेवटी तिचं बाळंतपण झालं तेव्हा यशोदा तिच्याकडे जाऊन राहिली होती. तिथून आली ती अंगात ताप घेऊनच आली. तो ताप उतरला नाही. मरायच्या आधी तिनं ते गाणं कुणाजवळ शेवटचं म्हटलं असेल तर ते सुधाजवळ.

नरहर आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीनं रोहण्याला गेला. त्याला दारात पाहून सुधा आधी रडली. मग तिनं त्याला जेवायला वाढलं. तिचा नवरा रूपराव पाटावर समोर बसला होता.

"साडभाऊ, आमाले वाटलं आमाले भेटाले आले," रूपराव म्हणाला. "तं तुमी आले गानं हुडकाले."

"तुमी चूप बसा न जरा," सुधा म्हणाली. "आठवते भाऊजी. याच्याच पाळन्याजवळ बसून म्हने ताई. गानं ऐकलं की हा झोपे."

तिनं मूल मांडीवर घेतलं आणि म्हणायला सुरुवात केली.

नरहरचा हात ताटातच राहिला. सुधाचा गळा यशोदाचाच होता. बोलताना कळत नव्हतं, गाताना कळलं. 'दार लोटून' वर आवाज जरा घासल्यासारखा व्हायचा तोही तसाच. 'जाते मी' वर सूर चढला, अगदी जसा चढायला पाहिजे तसा चढला. नरहरनं डोळे मिटले. आता तो सूर येणार होता. तो आलाच होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला तो आतून आठवत होता, आणखी एक क्षण मिळाला असता तर त्यानं तो तोंडानं म्हटला असता.

सुधा 'आत' म्हणाली आणि हळूच, गोड, खाली षड्जावर येऊन टेकली. मांडीवरचं मूल झोपलं होतं.

"असं नाई," नरहर म्हणाला.

"असंच होतं भाऊजी."

"नाई. शेवटी वर राहे. पुन्हा म्हन. आत म्हनली की खाली येऊ नोको, थांबजो."

सुधानं पुन्हा म्हटलं आणि थांबायचा प्रयत्न केला. सूर हलायला लागला, इकडेतिकडे जागा शोधायला लागला. "हे का?" तिनं विचारलं. "नाई." "मंग हे?" "नाई. पुन्हा म्हन." तिनं पुन्हा म्हटलं. तो पुन्हा म्हण म्हणाला. मूल जागं होऊन रडायला लागलं. रूपराव ताटावरून उठून बाहेर गेला.

"भाऊजी, आता बस करा," सुधा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी जे ऐकलं ते म्हनून राह्यली. तुमचीच चाल होये न ते? मंग तुमाले कशी नाई आठवत?"

 नरहर हात धुऊन उठला.

परतीच्या गाडीत त्यानं खिडकीला डोकं टेकवलं आणि ती ओळ मनात म्हटली. मनात सुधाचा आवाज आला आणि खाली येऊन टेकला. त्यानं पुन्हा म्हटली. पुन्हा तेच. सुधाचा आवाज यशोदाचाच असल्यामुळे आता दोघी वेगळ्या काढता येत नव्हत्या. बाहेर कपाशीत बाया निंदत होत्या. मग त्याला वाटलं, सुधा खरं बोलत असेल. तान्ह्या मुलाला झोपवताना कोणती बाई सूर वर टांगून ठेवील? यशोदानंच तो तिथं खाली आणला असेल. कदाचित तिला तो तसाच आवडत असेल. 'अर्धंच वाटते न,' असं ती म्हणाली होती आणि त्यानं तिचं ऐकलं नव्हतं. आता तो सुधाच्या चालीला खोटं देखील म्हणू शकत नव्हता.

मंडपात पडदे टांगले गेले, नारळ फुटला. नरहरनं माणिकला गाणं दिलं. सुधानं म्हटलं तसंच दिलं, दुसरं त्याच्याजवळ नव्हतं. माणिकनं ते दोन दिवसांत उचललं.

"पहिले तुम्ही म्हणत होता, शेवट अधांतरी ठेवतो," किसनराव म्हणाले.

"नाई जमलं."

"बरं झालं. लोकाला अधांतरी चालत नाही. घरी जाताना त्याला काहीतरी बांधून द्यावं लागते."

नाटक चांगलं झालं. गिरणीतल्या सगळ्या खात्यांची माणसं आली होती, बायकांची बाजू भरून बाहेर गेली होती. रोहण्याहून सुधा आणि रूपराव मुलाला घेऊन आले. शेवटच्या अंकात माणिक हिरवं लुगडं नेसून दाराशी उभा राहिला आणि गायला लागला तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गाणं संपलं आणि वन्समोर आला. ते झालं आणि पुन्हा आला.

रंगमंचाच्या कडेला नरहर पेटीवर होता. प्रत्येक वेळी सूर खाली येत होता आणि लोक सुटल्यासारखा श्वास टाकत होते. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा त्यानं ठरवलं. 'आत' आलं, माणिक खाली आला, तबला समेवर आला, नरहरनं मात्र वरची एक पट्टी दाबून धरली. पेटी एकटी वर राहिली. ते फार वाईट ऐकू आलं. माणिकनं मान वळवून पाहिलं, पडद्याआडून किसनरावांनी हात हलवला. नरहर कान देऊन ऐकत होता. तो हा सूर नव्हता. त्यानं बोट उचललं.

टाळ्या पडल्या. नंतर लोक येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होते. "बायकोच्या दुखात लावली हो चाल," कुणीतरी कुणाला सांगत होतं. "म्हनून अशी झाली."

सकाळी तो सुधाला आणि रूपरावला स्टेशनवर पोचवायला गेला. छोटी गाडी उभी होती. नाटकाला आलेली खेड्यांवरची माणसं तिच्यात चढत होती. डब्यात टोपल्या चढवता चढवता दोन बाया तेच गाणं म्हणत होत्या. त्यांना शब्द अर्धे आठवत होते, चाल पूर्ण आठवत होती. रूपराव जागा धरायला आत गेला. सुधा मुलाला खांद्यावर घेऊन खाली थांबली. तिचे डोळे सुजले होते.

"भाऊजी, मी तवा तुमाले तोडून बोलली."

"जाऊ दे."

"माह्या मनातून जात नाई ते. मी ताईचं गानं बिघडवून तं नाई न ठेवलं?" ती त्याच्याकडे पाहत होती. "खरं सांगा. ताई असंच म्हने न?"

नरहरनं तिच्याकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर ती उरलेला जन्म तो सूर शोधत बसली असती. तिच्याजवळही तो नव्हता. तो आता कुणाजवळच नव्हता.

"हो," तो म्हणाला. "असंच म्हने."

सुधानं डोळे पुसले. तिला बरं वाटलं हे दिसत होतं. ती गाडीत चढली, खिडकीतून तिनं मुलाचा हात हलवून दाखवला, आणि गाडी गेली.

नरहर फाटकातून बाहेर पडला. गिरणीचा भोंगा व्हायला अजून वेळ होता, पण घरी जाऊन करायचं काही नव्हतं म्हणून तो सरळ गिरणीकडे चालायला लागला. थोडं चालल्यावर त्याला कळलं की आपण गुणगुणतो आहोत. तो थांबला नाही. 'दार लोटून जाते मी' पर्यंत आला, सूर चढला, आणि त्यानं काही न करता आपोआप खाली उतरला, षड्जावर, जिथं सगळ्यांचा उतरत होता. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तिथंच आला.